आधी खोटा सूर्य

चाकणच्या एका पुरवठादार कंपनीत मी रेडिएटर आणि फॅन श्राउडची सिम्युलेशनं करायचे. हवा कुठून शिरते, कुठे अडते, कुठे गरम होते, हे दिवसभर स्क्रीनवर बघायचं. पिंपळे सौदागरहून कंपनीची बस नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत जायची. मोशीच्या पुढे ती चालायची कमी आणि थांबायची जास्त. त्या वेळात मी सूर्याबद्दल वाचायला लागले. वाचता वाचता नोकरी सोडली, भौतिकशास्त्रात एम.एस्सी.ला प्रवेश घेतला आणि प्रकल्पाचा विषय निवडला: सूर्याच्या पोटातले प्रवाह मोजायच्या पद्धती खोट्या, म्हणजे कॉम्प्युटरवर तयार केलेल्या, डेटावर तपासून बघणं. प्रवाहांचं काम आपल्याला येतं, असा त्यामागे थोडा माजही होता.

सोसायटीत सगळ्यांना वाटायचं मी ‘आदित्य’वर काम करते. आदित्य-एल1 हे सूर्याकडे बघणारं यान 2 सप्टेंबर 2023 ला सुटलं आणि त्यावरची ‘सूट’ नावाची दुर्बीण आपल्या पुण्याच्या आयुकात तयार झाली, त्यामुळे असं वाटणं साहजिक होतं. पण ‘सूट’ सूर्याचे अतिनील प्रकाशातले फोटो घेते. मला हवा होता पृष्ठभागाच्या हलण्याचा वेग. तो नासाच्या एसडीओ यानावरचं एचएमआय हे उपकरण 2010 पासून मोजतंय. शिवाय गाँग नावाचं जमिनीवरच्या सहा ठिकाणांचं जाळं 1995 पासून मोजतंय, त्यातलं एक ठिकाण उदयपूरला आहे. लिफ्टमध्ये एवढं सगळं सांगून होत नाही. मी नुसती मान हलवायचे.

आता मोजायचं काय, ते सांगते. सूर्याचा पृष्ठभाग सतत वरखाली होत असतो, साधारण पाच मिनिटांच्या तालात. हे 1960 च्या सुमारास रॉबर्ट लाइटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं. पुढे कळलं की हे आतून फिरणाऱ्या ध्वनिलहरींचं काम आहे. लहर एका जागेहून खाली जाते, आत ध्वनीचा वेग वाढत जातो म्हणून वळते आणि लांब दुसऱ्या जागी वर येते. जितक्या लांब वर आली तितकी खोल गेलेली. वाटेत प्रवाह असेल तर त्याच्या दिशेने जाणारी लहर थोडी लवकर पोचते, उलट येणारी उशिरा. दोन्हींच्या वेळेतला फरक काढायचा आणि त्यावरून आतला प्रवाह ओळखायचा. डुव्हल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये ही काल-अंतर पद्धत मांडली.

ऐकायला सोपं आहे. पण आकडे बघा. सूर्याच्या पृष्ठभागाजवळ विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे जाणारा एक संथ प्रवाह आहे, सेकंदाला 15 ते 20 मीटर. तिकडे गेलेला वायू कुठून तरी परत यायलाच हवा. हा परतीचा प्रवाह नेमका किती खोल आहे, यावर बरीच वर्षं वाद चाललाय. सूर्यावरच्या डागांचं 11 वर्षांचं चक्र समजावून सांगणाऱ्या कितीतरी मॉडेलांचा भार या प्रवाहावर आहे, म्हणून हा वाद रिकामटेकडा नाही. संवहन थराच्या तळाशी, पृष्ठभागापासून सुमारे 2 लाख किलोमीटर खाली, ध्वनीचा वेग सेकंदाला 200 किलोमीटरच्या पुढे जातो. तिथे सेकंदाला 5 मीटरचा प्रवाह आहे असं धरा आणि लहर 1 लाख किलोमीटर त्याच्यातून गेली असं धरा. दोन दिशांच्या वेळेत फरक पडतो सेकंदाच्या सुमारे चाळीसाव्या भागाचा. लहरीचा ताल पाच मिनिटांचा, आणि एचएमआयचं चित्र येतं दर 45 सेकंदांनी. हा हिशोब मी पहिल्यांदा वहीवर केला तेव्हा नोकरी सोडल्याचं थोडं वाईट वाटलं.

असा फरक दिसतो तो वर्षानुवर्षांच्या डेटाची सरासरी काढूनच. आणि काढलेलं उत्तर बरोबर आहे का, हे सूर्याच्या आत जाऊन बघता येत नाही.

प्रकल्पाच्या मार्गदर्शक सरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, “खऱ्या डेटाला इतक्यात हात लावायचा नाही.” आधी आपण स्वतः प्रवाह घालून एक खोटा सूर्य तयार करायचा, त्यावर लहरी सोडायच्या, पृष्ठभागावर काय दिसेल ते काढायचं आणि मग आपली पद्धत त्या दिसण्यावरून आपणच घातलेला प्रवाह परत शोधते का ते बघायचं. मला हे वेळ घालवणं वाटलं. घरी बाबांना सांगितलं तर त्यांना त्यात नवं काही दिसलंच नाही. त्यांची नोकरी भोसरीच्या एमआयडीसीत क्वालिटी विभागात गेली. “मास्टर लावल्याशिवाय गेज वापरतं का कुणी?” एवढंच म्हणाले आणि परत पेपर वाचायला लागले.

काम सुरू झालं आणि पहिल्याच पायरीवर अडलं.

सूर्याच्या आतल्या दाबाचं, घनतेचं, ध्वनिवेगाचं एक प्रमाण मॉडेल आहे, ‘मॉडेल एस’. 1996 चं आहे, फुकट मिळतं. ते मी जसंच्या तसं घातलं, लहरी सोडल्या आणि रन लावून झोपले. सकाळी सगळीकडे आकड्यांऐवजी ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडाच नाही’, असं होतं. सोल्यूशन डायव्हर्ज झालं होतं. आमच्या जुन्या धंद्यात असं झालं की मेश, म्हणजे गणिताची जाळी, बारीक करतात, टाइम स्टेप लहान करतात. मी दोन्ही केलं. फुटायला थोडा जास्त वेळ लागला, पण फुटलंच.

कारण मेशमध्ये नव्हतं. सूर्याचा बाहेरचा थर मुळातच अस्थिर आहे, तो उकळत असतो. खऱ्या सूर्यात ते उकळणं आपल्या मर्यादेत राहतं. पण आपण फक्त छोट्या लहरींचं सरळ समीकरण सोडवत असलो तर ती अस्थिरता वाढतच जाते आणि गणित गिळून टाकते. या क्षेत्रातले लोक म्हणून मूळ मॉडेल थोडं बदलून स्थिर करून घेतात. मुंबईच्या टीआयएफआरमधले श्रवण हनसोगे यांनी स्टॅनफर्डला असतानाच, 2006–07 च्या सुमारास, अशा लहरींच्या सिम्युलेशनवर काम केलंय. त्यांचे पेपर मी आधी वाचायला हवे होते असं सर म्हणाले. मी वाचले होते, पण मॉडेल बदलण्याचा परिच्छेद घाईत ओलांडला होता. ज्यांना हे करायचंय त्यांनी तिथूनच सुरुवात करावी. आणि एक लक्षात ठेवावं: मॉडेल बदललं की लहरींच्या वारंवारता खऱ्या सूर्यापेक्षा थोड्या सरकतात. पद्धत खोट्या सूर्यावर पास झाली तरी ती जराशा वेगळ्या सूर्यावर पास झालेली असते.

हनसोगे, डुव्हल आणि कुविडा यांच्या 2007 च्या पेपरातली एक युक्ती मला फार उपयोगी पडली. सूर्यात लहरी उठतात त्या पृष्ठभागाजवळच्या खळबळीतून, कशाही, कुठेही. त्या बेशिस्तीचाच एवढा गोंगाट असतो की बारीक प्रवाहाची खूण त्यात बुडते. तर एकाच बियाण्याचे, म्हणजे ‘सीड’चे, यादृच्छिक आकडे वापरून दोन रन करायचे, एक प्रवाह घालून आणि एक न घालता. मग एकातून दुसरा वजा करायचा. गोंगाट दोन्हींत तोच असल्यामुळे जवळजवळ सगळा निघून जातो आणि खाली उरते ती नुसत्या प्रवाहाची खूण. आपली पद्धत कुठल्या खोलीला किती संवेदनशील आहे ते त्यावरून स्वच्छ दिसतं. मला ते चित्र पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी आईला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवलं. अर्थात खऱ्या सूर्यावर ही सोय नाही. तो एकदाच चालतो.

यानंतर गाडी जरा पळायला लागली. प्रवाह घालायचा, वेळेचे फरक काढायचे, वर थोडा गोंगाट मिसळायचा, त्या फरकांवरून प्रवाह काढायचं उलट गणित करायचं, उत्तर जुळतंय का बघायचं. जुळत होतं. आलेख इतके छान जुळले की मला संशय यायला हवा होता असं नंतर सर म्हणाले. गोंगाट मी प्रत्येक मोजमापात स्वतंत्र मिसळला होता. बरेच जण सुरुवातीला असंच करतात, कारण ते एका ओळीत होतं. पण खऱ्या मोजमापात 20 अंश अंतरावरचा फरक आणि 21 अंश अंतरावरचा फरक बहुतेक त्याच लहरींवरून काढलेला असतो. एक चुकला तर दुसराही त्याच बाजूला चुकतो. गोंगाट स्वतंत्र धरला की वाटतं आपल्याकडे खूप साक्षीदार आहेत, प्रत्यक्षात एकच माणूस परत परत बोलत असतो. गोंगाट लहरींच्याच सिम्युलेशनमधून घेतला, त्यांचे आपसातले संबंध पूर्ण धरले, आणि त्रुटीच्या रेषा बऱ्याच लांब झाल्या. खोलातल्या तर इतक्या लांबल्या की त्यांच्यात कुठलंही उत्तर मावलं असतं.

इथे सरांनी एक अट घातली. आतापर्यंत प्रवाह मीच घालत होते आणि मीच शोधत होते. उलट गणितात एक मुरड घालायचा आकडा असतो: उत्तर किती गुळगुळीत हवं, ते आपण ठरवतो. उत्तर माहीत असलं की हात आपोआप त्या आकड्याला योग्य जागी नेतो. त्यात लबाडी नसते, पण होतं तसं. म्हणून दुसऱ्या कुणीतरी प्रवाह घालायचा आणि मला सांगायचं नाही.

माझा चुलतभाऊ हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे, राहतो पिंपळे गुरवला. त्याला सूर्याशी काही देणंघेणं नाही. मी त्याला प्रोग्रॅम दिला आणि सांगितलं, पृष्ठभागावरचा वेग 15 मीटरच्या आसपास ठेव, खाली तुला हवं ते घाल. कोकणे चौकातल्या एका हॉटेलात मिसळ खाताना मी त्याला एकावर एक दोन वर्तुळं म्हणजे काय, एकच मोठं वर्तुळ म्हणजे काय, हे कागदाच्या रुमालावर काढून दाखवलं. कारण वाद तोच होता. 2013 मध्ये झाओ आणि सहकाऱ्यांनी एचएमआयच्या पहिल्या दोन वर्षांच्या डेटावरून सांगितलं की परतीचा प्रवाह मध्येच आहे आणि त्याखाली परत उलट, म्हणजे दोन थर. 2015 मध्ये बंगळुरूचे राजगुरू आणि टीआयएफआरचे अंतिया यांनी चार वर्षांच्या डेटावरून सांगितलं की एकच मोठं वर्तुळ आहे आणि परतीचा प्रवाह खूप खोल आहे. उपकरण एकच आणि उत्तरं दोन.

भावाने तीन फायली पाठवल्या, नुसती अ, ब, क नावं देऊन.

‘अ’ मध्ये मला एकच मोठं वर्तुळ सापडलं. ‘ब’ मध्ये दोन थर. ‘क’ मध्येही दोन थर, फक्त जरा फिके. मी उत्तरं लिहून सरांना मेल केली आणि मगच भावाला फोन केला. पहिली दोन बरोबर होती. तिसऱ्यावर तो हसायलाच लागला. “ताई, ‘क’ मध्ये खाली काहीच नव्हतं गं. वरच्या थरात प्रवाह ठेवला आणि खालचं सगळं शून्य केलं. म्हटलं बघू काय करतेस.”

हे मी त्याला सुचवलेलं नव्हतं. शून्य घालायचं माझ्या डोक्यातच आलं नसतं. कंपनीतही शून्य प्रवाहाचं सिम्युलेशन कुणी करत नाही, कारण त्याचे पैसे कोण देणार.

कारण शोधायला बराच काळ गेला, आणि हाच काळ सगळ्यांत कामाचा ठरला. उलट गणित 1 लाख किलोमीटर खोलीवरचं उत्तर देतं तेव्हा ते फक्त त्या खोलीवरचं नसतं. ते आजूबाजूच्या सगळ्या खोल्यांची सरासरी असतं, प्रत्येकीचं वजन वेगळं. ती वजनं मी आलेखावर काढून बघितली. हव्या त्या खोलीवर मोठा उंचवटा होता, पण पृष्ठभागाजवळ एक छोटा खड्डाही होता, उणे चिन्हाचा. वर 15 मीटरचा प्रवाह, त्याला छोटंसं उणे वजन, आणि खाली काही नसतानाही एक-दोन मीटरचा उलटा प्रवाह तयार. मी ज्याला परतीचा प्रवाह म्हणत होते ती पृष्ठभागाची सावली होती. पृष्ठभागाजवळच्या वजनाला गणितात जास्त दंड लावला तेव्हा ‘क’ मधला खोटा थर गेला. बदल्यात ‘ब’ मधला खरा थरही इतका फिका झाला की आहे म्हणता येईना. दोन्ही एकाच वेळी मिळत नव्हतं. त्या आठवड्यात मी घरात कुणाशी धड बोलले नाही.

एक मदत मात्र जुन्या धंद्यातून मिळाली. राजगुरू आणि अंतिया यांनी वस्तुमान टिकलं पाहिजे ही अट गणितातच घातली होती. आम्हा फ्लुइडवाल्यांना ही कंटिन्युटी पाठच असते: जेवढं गेलं तेवढं यायला हवं. सूर्यात तिचा अर्थ मोठा मजेचा निघतो. पृष्ठभागावरचा वायू आपल्या हवेच्या हजारो पट विरळ आहे. संवहन थराच्या तळाशी घनता पाण्याच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याइतकी होते. त्यामुळे वर मीटरांमध्ये वाहणाऱ्या वायूचा हिशोब खाली अगदी हळू सरकणारा जड थर चुकता करू शकतो. ही अट घातल्यावर उत्तरांना बेफाम भटकता येत नाही. पण अट बरोबर असली तरी माहिती नव्याने येत नाही. कमी पडणारी जागा अटीने भरली जाते, हे लिहिताना सांगायला लागतं.

आडव्या प्रवाहाचं हे असं. उभ्या प्रवाहाचं तर विचारूच नका. छोट्या प्रमाणावर, पृष्ठभागाजवळच्या संवहनाच्या अगदी वास्तव सिम्युलेशनवर झाओ आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये हीच पद्धत तपासली होती. वरच्या थरात आडवे वेग बऱ्यापैकी परत मिळाले, उभे मिळाले नाहीत. आडव्या पसरण्याची खूण उभ्या प्रवाहात मिसळते. माझ्याकडेही तेच झालं. मी तिथे फार वेळ घातला नाही.

मग सरांनी विचारलं, खोट्या सूर्यात जे घातलंच नाही त्याचं काय? हा प्रश्न मला रात्रीचा आठवतो. उदाहरणार्थ, सूर्याच्या कडेकडे बघताना आपल्याला थोडा वरचा थर दिसतो, मध्यभागी थोडा खालचा. बहुधा अशाच कारणांनी वेळेच्या फरकात मध्याकडून कडेकडे जाणारी एक खोटी ओढ येते. ती खोलातल्या खऱ्या प्रवाहाच्या खुणेपेक्षा मोठी असते. 2012 मध्ये ती नीट दाखवली गेली, आणि पूर्व-पश्चिम दिशेची मोजमापं उत्तर-दक्षिणेतून वजा करून ती काढतात. माझ्या सिम्युलेशनमध्ये ती नव्हतीच, म्हणून ती काढण्याची पायरी कधी तपासलीच गेली नव्हती. मी ती हाताने मिसळली.

तसंच कॅमेऱ्याच्या तिरकेपणाचं. सूर्य विषुववृत्तावर सेकंदाला सुमारे 2 किलोमीटरने फिरतो. चित्रात उत्तर दिशा 0.1 अंशाने चुकली तर त्या फिरण्याचा साडेतीन मीटरचा भाग उत्तर-दक्षिण प्रवाह म्हणून दिसतो. आपण खाली शोधतोय तो प्रवाहच तेवढा आहे. एचएमआयचा तिरकेपणा ठरवायला 2012 च्या जूनमधल्या शुक्राच्या अधिक्रमणाचा उपयोग केला गेला, हे वाचलं आणि त्या सकाळी आम्ही सगळे गच्चीवर काळे चष्मे लावून तोच ठिपका बघत होतो ते आठवलं. खोट्या डेटात मी 0.1 अंश तिरकेपणा घातला. उत्तर गोलार्धात प्रवाह जोरात आणि दक्षिणेत हळू, असं छान वैज्ञानिक वाटणारं चित्र तयार झालं. कुणी दाखवलं असतं तर मी त्यावर कारणंही सुचवली असती.

एवढं झाल्यावर खरा डेटा उघडला. पृष्ठभागाजवळ ध्रुवांकडे जाणारा प्रवाह मिळाला, सगळ्यांना मिळतो तसाच. सूर्याच्या त्रिज्येच्या 0.8 पटीपेक्षा खाली मी काही लिहिलं नाही. त्याआधीच, 2020 मध्ये, गिझों आणि सहकाऱ्यांचा पेपर आलेला होता. त्यांनी 1996 ते 2019 पर्यंतचा डेटा वापरून प्रत्येक गोलार्धात एकच वर्तुळ असल्याचं सांगितलं, पण त्यांचा भर सोहो यानावरचं जुनं उपकरण आणि गाँग यांच्यावर होता. एचएमआय त्या दोघांशी जुळत नव्हतं. तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी तेच विचारलं, “मग एक की दोन?” मी म्हणाले, माझी पद्धत ‘क’ फाईलला नापास झाली होती आणि दुरुस्तीनंतर तेवढ्या खोलीवर तिला एक-दोन ओळखता येत नाही. ते थोडे नाराज दिसले. गुण बरे दिले.

हे काम घरी बसून करणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. एचएमआयची दिवसाला 1920 चित्रं होतात, प्रत्येक 4096 बाय 4096 ठिपक्यांचं. ती सगळी उतरवून घ्यायच्या भानगडीत पडू नका, डिस्कही भरते आणि इंटरनेटही. खोलातल्या प्रवाहाला कमी बारकाव्याची चित्रं पुरतात. सिम्युलेशनची पूर्ण फाईल ठेवू नका, वेळेचे फरक ठेवा आणि यादृच्छिक आकड्यांचं बियाणं लिहून ठेवा, म्हणजे तोच रन पुन्हा करता येतो. रन मधूनमधून सेव्ह होईल असं करा, कारण आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जायची आणि इन्व्हर्टर पंखा, दिवे आणि माझा डेस्कटॉप असं तिन्ही ओढत नसे. आईने शेवटी पंखा सोडला. आणि फायली करून द्यायला विषयाबाहेरचा माणूस बघा. सरांच्या नव्या विद्यार्थिनीसाठी माझा भाऊच परत फायली करतोय, या वेळी काय घातलंय ते मलाही सांगत नाही.